थंडीच्या नावावर

श्रावण सोमकुवर लोधीखेड्याहून सौसरच्या शाळेत मुलं नेणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर होता. स्टँडवरचे लोक त्याला समोर श्रावणभाऊ म्हणत आणि पाठीमागे ॲव्हरेजवाला. दोन्ही नावं त्याच्या कानावर होती. दुसऱ्याचा राग यायला हवा होता, पण ते ऐकून त्याला आतून बरंच वाटे.

एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, त्याला सगळे ॲव्हरेजच म्हणतात. फरक एवढाच, की इतर ड्रायव्हरांचं ॲव्हरेज अंदाजाचं असे आणि श्रावणचं मोजलेलं. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटरचा आकडा ध्यानात ठेवायचा, पुढच्या खेपेला त्याच पंपावर, त्याच नळीवर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. आलेला आकडा तो घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिही. त्याच चौकटींत त्याची बायको मालती सिलेंडर लावल्याची तारीख लिही. जागा कमी पडली की दोघांचा खटका उडे.

बावीस वर्षं एकाच रस्त्यावर गाडी चालवल्यामुळे ऋतू त्याला अंगापेक्षा आकड्यांवरून जास्त कळत. एप्रिलमध्ये सोळाच्या वर. पावसाळ्यात पंधरा, कारण खड्ड्यांत पाणी साचतं आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच राहते. थंडीत साडेचौदा. थंडीत इंजिन तापायला वेळ घेतं, टायरातली हवा बसते, सकाळी धुकं असलं की लाईट लावून हळू चालवावं लागतं. त्यात शाळेची गाडी म्हणजे दर दोन किलोमीटरला थांबा. इंजिन तापतं न तापतं तोच गाडी उभी. हे सगळं तो नव्या ड्रायव्हरांना इतक्यांदा सांगे, की त्याला लांबून येताना पाहून कोणीतरी म्हणेच, “सरका, क्लास सुरू होते आता.”

त्या वर्षीच्या डिसेंबरात गाडीनं साडेतेरा दिले. जानेवारीच्या सुरुवातीला तेरा. संक्रांतीच्या आठवड्यात बाराच्या थोडं वर.

श्रावणनं तो आकडा लिहिला आणि कॅलेंडरसमोरून हललाच नाही. जुनी कॅलेंडरं मालतीनं डब्यांखाली अंथरली होती. त्यानं दोन डबे उचलून मागच्या वर्षीचा जानेवारी शोधला. साडेचौदा. त्याच्या आधीच्या वर्षी चौदा आणि थोडं.

“पोहे सांडान,” मालती म्हणाली. “काय पाहून राहिले?”

“काही नाही. यंदा थंडी जास्त आहे.”

“मले तं नाही वाटली.”

“तुले कशी वाटंन? तू चुलीपाशी असतं.”

“चूल कुठं आहे घरात?” मालती म्हणाली आणि पोह्यांचा डबा त्याच्या हातून काढून घेतला.

गाडीचा मालक वीरेंद्र सौसरला राहत असे. पस्तिशीतला माणूस, बापाच्या संत्र्याच्या बागेत मन लागेना म्हणून त्यानं शाळेच्या तीन गाड्या घातल्या होत्या. एका सकाळी शाळेच्या फाटकासमोर त्यानं सहज विचारलं, “श्रावणभाऊ, बोरगावची गाडी चौदा देऊन राहिली. तुमची काहून पडली?”

“थंडी आहे ना, भैया. दरसाल पडते.”

“बोरगावले थंडी नाही काय?”

बाजूचे दोन ड्रायव्हर हसले. श्रावणचे कान तापले. “बोरगावची गाडी मोठ्या रोडनं येते. माह्या रस्त्यावर वळणं-मोड किती, थांबे किती. होळी होऊ द्या. होळीनंतर सोळा नाही आले तं मले बोला.”

“होऊ द्या होळी,” वीरेंद्र म्हणाला आणि फोन आला म्हणून बाजूला गेला.

वीरेंद्रच्या दृष्टीनं गोष्ट तिथंच संपली. श्रावणच्या दृष्टीनं ती तिथून सुरू झाली. अठ्ठावन्न वर्षांच्या ड्रायव्हरचं ॲव्हरेज पडलं, की स्टँडवर काय बोलतात ते त्यानं दुसऱ्यांबद्दल ऐकलं होतं, क्वचित स्वतः बोललाही होता. म्हणतात, त्याचा पाय जड झाला. पाय जड झालेल्या माणसाला आधी लांबच्या भाड्यावर पाठवणं बंद होतं, मग रोजच्या गाडीवरून काढतात, मग तो स्टँडवर नुसताच येऊन बसतो. आणि श्रावणचा तर सगळा मान पायातच होता. तरुणपणी ट्रकवर क्लीनर असताना त्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी त्याला चप्पल काढायला लावली होती. पायाला पेडल कळलं पाहिजे, जोड्यातून काय कळणार, असं उस्तादाचं म्हणणं. तेव्हापासून श्रावण भर थंडीतही अनवाणी पायानंच गाडी चालवी. मुलं विचारत, “काका, तुम्हाले थंडी नाही वाजत?” तो म्हणे, “गाडीले वाजते तेवढीच पुरते.”

फेब्रुवारीत त्यानं गाडीचं काही करायचं शिल्लक ठेवलं नाही. दर सोमवारी टायरची हवा. एअर फिल्टर झटकून, मग धुऊन, मग नवीन. सकाळी गाडी उभी ठेवून तापवायची सवय सोडली, कारण तेवढं डिझेल फुकट जातं. मुलांना सांगितलं, थांब्यावर आधीच येऊन उभे राहा. एका आजीनं त्यावरून भांडण काढलं, की माझा नातू काय मिलिटरीत आहे का. घरी जेवताना त्याचा हात ताटात थांबे आणि तो पंप बदलून पाहावा का, यावर विचार करत बसे. पंपही बदलला. आकडा हलला नाही.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी बाजारातून येताना मालती मध्येच थांबली. “अजी, एक चप्पल कुठं टाकली?”

त्यानं खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय उघडा. चप्पल चाळीस-पन्नास पावलं मागं, पिठाच्या चक्कीसमोर पडली होती. मालती जाऊन घेऊन आली आणि घरापर्यंत हसत राहिली. “ॲव्हरेजच्या विचारात एक दिवस मलेच बाजारात विसरून याल तुम्ही.”

तोही हसला. पण चप्पल केव्हा निघाली ते आठवायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला आणि त्याला ते आठवलं नाही.

होळी झाली. दुपारी पंखे सुरू झाले. श्रावणनं टाकी भरली, भागाकार केला, पुन्हा केला. तेरा. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच कॅलेंडरवर काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी मालतीनं त्या रिकाम्या चौकटीत सिलेंडरची तारीख लिहिली. तो भांडायला आला नाही, म्हणून तिनंच त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

वीरेंद्र आता विचारेल, मग विचारेल, या धास्तीत तो फाटकासमोर गाडी उभी करेनासा झाला. मुलं उतरवली की लगेच वळवून निघे. कोणी चहाला हाक मारली तरी हात हलवून पुढे जाई.

शेवटी एका रविवारी तो वीरेंद्रला फोनवर सर्व्हिसिंगचं कारण सांगून गाडी घेऊन पांढुर्ण्याला गेला. तिथं त्याच्या मावसभावाचं, तिगावच्या गुणवंताचं, गॅरेज होतं.

“जय भीम, दादा. आज लेकरं कुठं सोडले?”

“ऐकून पाह्य हिले. काही तरी झालं आहे.”

गुणवंतानं इंजिन ऐकलं, डिझेल फवारणारे नोझल खोलून पाहिले, चाकं उचलून हातानं फिरवली. पुष्कळ वेळ गेला. मग तो म्हणाला, “काही नाही झालं. मस्त आहे गाडी.”

“तेरा देते अन् मस्त?”

“मंग असं करू. टाकी फुल करू. आधी तू सौसरपर्यंत जाऊन ये, मंग मी जातो. तोच रस्ता, तीच गाडी. समजंन.”

श्रावणला हे पटलं. मोजून केलेली गोष्ट त्याला नेहमीच पटे. पहिल्या फेरीला तो चालवत होता आणि गुणवंता शेजारी बसून मोबाईल पाहत होता. चार-पाच किलोमीटर गेल्यावर गुणवंतानं मोबाईल खिशात ठेवला. त्यानंतर तो समोर रस्त्याकडे पाहत नव्हता, खाली पाहत होता. श्रावणच्या ते लक्षात आलं. परत येऊन टाकी भरली तर सहा लिटरला थोडं कमी लागलं.

दुसऱ्या फेरीला गुणवंता बसला. श्रावण शेजारच्या सीटवर बसून इंजिनाचा आवाज ऐकत होता. चढावर आवाज वाढे, उतारावर हळूच खाली येई, मध्ये कुठं झटका नाही. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. मागच्या वर्षापर्यंत तो रोज ऐकत असे. पांढुर्ण्याला परत आल्यावर टाकीला पावणेपाच लिटर लागले. गुणवंतानं भागाकार केला नाही. श्रावणचा तोंडी झाला होता. सोळा.

“तुले दुपार भेटली,” श्रावण म्हणाला. “मी सकाळच्या थंड्यात गेलो. इंजिन थंड, हवा थंड. फरक पडते.”

“पडते ना.”

“मंग?”

“मंग आता एक चक्कर अजून मार. दुपारच आहे, गाडीही तापून आहे.”

श्रावणनं रस्त्याकडे पाहिलं. ऊन चांगलं कडक होतं, याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. “कायले डिझेल जाळतं,” तो म्हणाला.

“जाळू ना. रविवार आहे.”

“मालती जेवाची थांबली असंन.”

गुणवंता चिंधीनं हात पुसत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “दादा, पाय दाखव बरं दवाखान्यात. तू पेडल दाबतं तं आधी काहीच नाही अन् मंग एकदम. पयले असं नव्हतं तुह्यं. शुगरच्या गोळ्या घेतं ना?”

“घेतो,” श्रावण म्हणाला आणि दार जोरात ओढलं. गोळ्या तो आठवण झाली की घेत असे.

घरी येईपर्यंत त्यानं पाय हळू दाबायचा प्रयत्न केला. पण हळू म्हणजे किती ते पायाकडून कळत नव्हतं, म्हणून तो खाली पाहू लागला. पायाकडे पाहिलं की पाय नीट चाले. एकदा असं पाहत असताना समोरून संत्र्याचा टेम्पो हॉर्न वाजवत अगदी अंगावरून गेला. श्रावणनं गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायला आणि स्वतःला सांगितलं, की रविवारी टेम्पोवाले दारू पिऊन असतात.

त्यानंतर तो मुलांना घेऊन जातानाही मधून मधून खाली पाहू लागला.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. दुपारी साडेबाराला मुलं परत निघत, तेव्हा गाडीचा पत्रा हात लावू देत नसे. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच. पण त्या आठवड्यात ॲव्हरेज तेराचं साडेतेरा झालं आणि श्रावण एकदम हलका झाला. त्यानं आकडा कॅलेंडरवर लिहिला, मालतीला दाखवलासुद्धा. “चढून राहिलं हळूहळू. थंडी यंदा आत मुरली होती गाडीत.”

“थंडी मुरते काय लोखंडात?”

“मुरते. तुले नाही समजत.”

चौदा एप्रिलची सुट्टी झाली. जयंतीच्या रॅलीत तो बरंच चालला. दुसऱ्या दिवशी शाळा करून दुपारी घरी आला आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसला. मालती पाणी घेऊन आली आणि तिथंच थांबली.

“अजी, हे काय झालं टाचेले?”

उजव्या टाचेवर सुपारीएवढा फोड होता, भोवती लाल झालेलं.

“काल गंज दूर चाललो ना. चप्पल लागली असंन.”

“चालल्याचा फोड मले ओळखू येते. हे भाजलं आहे.”

तो उठून गाडीत जाऊन पाहून आला. ॲक्सिलेटरखालचं रबर झिजून जिथं टाच टेकते तिथं भोक पडलं होतं आणि आतला पत्रा दिसत होता. त्यानं त्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागं घेतलं. त्या पत्र्यावर त्याची टाच लोधीखेड्यापर्यंत टेकलेली होती.

“चटका नाही बसला?” मालतीनं विचारलं.

“बसला असंन. ध्यान नव्हतं.”

मालती आत गेली आणि झाडूची एक काडी मोडून घेऊन आली. “तिकडे तोंड करा.”

“कायले?”

“करा म्हणते ना.”

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

“मी काडी लावते. कुठं लावली ते सांगा. आता?”

“अंगठ्याले.”

“आता?”

“करंगळीपाशी.”

“आता?”

तो जरा थांबला. “टाचेवर.”

त्यानं मान वळवली. काडी तिच्या मांडीवर पडली होती आणि तिचे दोन्ही हात पदरात होते. “मी एकदाही नाही लावली,” ती म्हणाली.

बाहेर कोणाच्या तरी घरी कूलर सुरू झाला. श्रावण पाय जवळ ओढून बसला, फोड हातानं झाकल्यासारखा. मग भराभर बोलू लागला. एक तारखेपासून सुट्ट्या आहेत. पंधराच दिवस उरले. तेवढे काढतो. सुट्टी लागली की पांढुर्ण्याच्या दवाखान्यात दाखवतो, गोळ्या नेमानं घेतो, जूनपर्यंत पाय ठीक होईल. आता मधेच सोडली तर लोक काय म्हणतील, वीरेंद्र भैया काय म्हणेल. ॲव्हरेज तर चढायला लागलंच आहे. रबर नवीन टाकलं की झालं.

मालतीनं सगळं ऐकून घेतलं. “ब्रेकही त्याच पायानं दाबता ना?” ती म्हणाली.

एवढंच म्हणून ती फोडाला लावायला खोबरेल तेल शोधू लागली. डिसेंबरपासून चार महिने श्रावण एका पेडलचा विचार करत होता. दुसरं पेडल चार बोटांवर होतं आणि त्याचा विचार त्यानं एकदाही केला नव्हता. गाडीत चौदा मुलं बसत. चक्कीच्या मोडावर रोज सकाळी म्हशी आडव्या येत.

तो उठला, बसला, पुन्हा उठला. चार वाजता त्यानं शर्ट घातला. गाडी दारात उभी होती, तिच्याकडे न पाहता तो स्टँडवर गेला आणि सौसरच्या जीपमध्ये सवारी म्हणून मागं बसला. जीपवाला म्हणाला, “काय श्रावणभाऊ, ॲव्हरेज वाचवून राहिले काय आज?” लोक हसले. श्रावण खिडकीबाहेर पाहत राहिला.

वीरेंद्र ओट्यावर कूलरसमोर बसला होता. “या, या. गाडी कुठं आहे?”

“घरी आहे. भैया, तुमाले म्हटलं होतं मी. होळीनंतर सोळा येते म्हणून.”

“काय सोळा?”

“ॲव्हरेज. थंडीत पडलं होतं ना.”

वीरेंद्र क्षणभर आठवत राहिला. “अरे, ते? मी तं विसरूनही गेलो होतो. तेरा तं तेरा, भाऊ. गाडी चालून राहिली, लेकरं टायमावर येऊन राहिले, अजून काय पाहिजे?”

श्रावणला आधी बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. इतके दिवस त्यानं ज्याच्यापासून तोंड लपवलं, त्या माणसाला काही आठवतच नव्हतं. आता गप्प उठून घरी गेलं तरी कोणी विचारणार नव्हतं. उद्या सकाळी गाडी सुरू केली तरी कोणी विचारणार नव्हतं.

“ते थंडीनं नव्हतं पडलं,” तो म्हणाला. “माह्या पायानं पडलं. पाय मेला आहे खालून. भाजलं तरी समजत नाही.”

“शुगर. आमच्या बाबालेही आहे. पाय बधिर होते, त्यात काय एवढं. पंधरा दिवस काढा, मग सुट्टीत आराम करा.”

“ब्रेकही त्याच पायानं दाबतो, भैया.”

वीरेंद्रनं कूलर बंद केला. थोडा वेळ तो श्रावणच्या पायांकडे पाहत राहिला आणि श्रावणही पाहत राहिला.

“मले कायले सांगता आता,” वीरेंद्र म्हणाला. “उद्या सकाळी सहाले मी ड्रायव्हर कुठून आणू?”

“प्रवीण आहे ना. बोरगावच्या गाडीवर बदलीले येते.”

“त्याले तुमचे थांबे माहीत नाहीत. कोणतं पोरगं कुठून चढते, कोण कुठं उतरते...”

“मी बसतो त्याच्या बाजूले. सुट्टी लागेपर्यंत.”

“अन् सुट्टीनंतर?”

“ते दवाखान्यातले सांगतीन,” श्रावण म्हणाला. त्यानं पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी प्रवीण पहाटेच मोटारसायकलवर आला. चोवीस-पंचवीसचा, पायात जाड तळाचे बूट. श्रावणनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि डाव्या बाजूनं चढला. या गाडीचं त्या बाजूचं दार त्यानं चढायला कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे कडी कुठून ओढायची ते क्षणभर सापडलं नाही.

पहिल्या थांब्यावर चढलेल्या मुलीनं विचारलं, “काका, तुम्ही तिकडे काहून बसले?”

“आज माही सुट्टी आहे.”

“मग आले काहून?”

मागची मुलं हसली, प्रवीणही हसला. तो सीटवर पुढे सरकून बसला होता, एक हात दाराच्या कडीवर. प्रवीण जरा जास्तच दाबत होता, इंजिन ओरडत होतं, आणि श्रावणची जीभ दर वेळी टाळूला लागून परत येत होती.

“काका, काही तरी बोला,” प्रवीण म्हणाला. “तुम्ही असे चूप बसले तं मले परीक्षेत बसल्यासारखं वाटते. ही देते किती?”

चक्कीचा मोड जवळ येत होता. मागं चौदांपैकी नऊ मुलं चढून झाली होती आणि कशावरून तरी भांडत होती.

“माह्या पायानं तेरा,” श्रावण म्हणाला. “सोळा द्याची, पाय चांगला होता तवा. पुढं म्हशी राहतात. आत्ताच पाय उचल.”

प्रवीणनं पाय उचलला. मोडावर म्हशी होत्याच, सहा-सात, रस्ता भरून. गाडी त्यांच्यापासून चांगली दोन हात अलीकडे थांबली. मुलं थोडी पुढे आली आणि पुन्हा मागं टेकली.

म्हशी जायला वेळ लागला. प्रवीण हॉर्न वाजवणार होता, श्रावणनं त्याचा हात अडवला. “भडकतात,” तो म्हणाला. “जाऊ दे त्याईले.”